कोंडाबाईच्या अंगठ्याबाबत

मी, सावळेराम रखमाजी टेमकर, वय ७८, भारताचा निवृत्त सरन्यायाधीश, राहणार पारगाव, तालुका आंबेगाव, पूर्ण शुद्धीत आहे. कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, आणि तो उतरण्याची वाट न पाहता हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझी कायद्याची पुस्तके घोडेगावच्या कोर्टातील नवीन वकिलांना द्यावीत. काचेच्या कपाटात मिरवायची असतील तर रद्दीत घालावीत.

२. आळेफाट्याला माझा पुतळा उभारू पाहणाऱ्या समितीला माझा फोटो, झगा, पदके यांतले काहीही देऊ नये. समितीचा अध्यक्ष माझा थोरला भाऊ बाळासाहेब आहे.

३. याचे कारण. १९७४ साली वडील वारले तेव्हा मी घोडेगावला नवखा वकील होतो. मुंबईला जाण्याची घाई होती. बाळासाहेब म्हणाला, "तुझा खर्च मी बघतो. पण कोंडीचा हिस्सा सुटला पायजे." धाकट्या बहिणीचे, कोंडाबाईचे, हक्कसोडपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "दादा, कशाचा कागद हाये?"

"वारसनोंदीचा. तुझं नाव लागंल."

ती हसली आणि अंगठा दिला.

त्या अंगठ्यावर मी मुंबई गाठली, मग दिल्ली. सरन्यायाधीश झालो. मुलींना बापाच्या जमिनीत बरोबरीचा वाटा देणारा एकशे बारा पानी निकाल लिहिला. एकाही पानावर हात अडखळला नाही, याची आज चीड येते. त्या वर्षी विधवा कोंडाबाई आमच्याच उसात रोजाने खुरपत होती. मला ते माहीत होते. सुट्टीत आलो की मी तिला लुगडे देत असे. लुगडे!

४. गेल्या दिवाळीत तिच्या मुलीने, मोहिनीने, त्या कागदाची नक्कल काढली. कोंडाबाई ती घेऊन दारात उभी राहिली. "समद्या देशाच्या पोरींना दिलंस, दादा. म्या काय पाप केलं व्हतं?"

बाळासाहेब खुर्चीतूनच म्हणाला, "पन्नास वर्सांनी कशाला उकरती? माहेरी आलीस, जेव आन् जा."

भल्याभल्या वकिलांना मी एका शब्दात खाली बसवले आहे. त्या दिवशी भावाला म्हणायला एक शब्द सापडला नाही.

५. माझ्या वाट्याची जमीन माझ्या मृत्यूनंतर कोंडाबाईला द्यावी, असे येथे लिहिले होते. ते खोडले आहे. मसुदा ऐकून ती उसळली, "तू मरायची वाट बघू व्हय? मी पंच्याहत्तरची हाये!"

म्हणून काल घोडेगावला जाऊन तिच्या नावे बक्षीसपत्र नोंदवले. बाळासाहेबाकडच्या जमिनीतल्या हिश्शासाठी तिने कालच दावा लावला. बाळासाहेब प्रतिवादी क्रमांक एक, मी दोन. त्याचा वकील दाव्याची मुदत संपल्याचा मुद्दा काढेल. मी काढणार नाही. फसवणूक मी केली, असे शपथपत्र लिहून दिले आहे.

६. मला मूलबाळ नाही. माझ्या अंत्यविधीला बाळासाहेबाने भाषण करू नये. अग्नी मोहिनीने द्यावा, तिचे मन झाले तरच.

७. दाव्याची पहिली तारीख सोळाला आहे. मी वकील दिलेला नाही, स्वतः उभा राहणार आहे. शिपायाने माझे नाव पुकारताना मागेपुढे कोणतेही पद लावू नये, असा अर्ज केला आहे.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचला, तो खरा आहे.

सही: सावळेराम रखमाजी टेमकर

आमच्यादेखत सही झाली:
१. ज्ञानेश्वर सोमाजी वाळुंज, डॉक्टर
२. सखूबाई गोकुळ लोंढे, शेजारीण

पारगाव, ३ फेब्रुवारी २०२६