बिगुल आणि बिनसहीची चिठ्ठी

५ नोव्हेंबर १९३८, शनिवार

शाळेत ढोल आला. बैलगाडीतून, पोत्यात गुंडाळून. सोबत तीन लहान ढोल, आठ बासऱ्या आणि एक पोचे पडलेला बिगुल. कुठल्याशा मोडलेल्या पलटणीचा माल म्हणे. दोन वर्षं मी वर्गासाठी नकाशा मागते आहे — आहे तो काश्मीरपासून खाली फाटत चाललाय. नकाशा आला नाही. ढोल आला.

मोठ्या बाई नागपूरहून आल्यापासून काहीतरी नवं काढतातच. आता मुलींचा बँड! दहा जानेवारीला अकोल्याला शाळांचं संमेलन आहे, तिथे आमच्या मुली वाजवत मैदानात शिरणार. अमरावतीची अब्रू अकोल्याला नेऊन वाजवायची, दुसरं काय.

७ नोव्हेंबर, सोमवार

ज्याची भीती होती तेच झालं. बँड शिकवणारा पुरुष, म्हणून सरावाला एक बाई बसलीच पाहिजे. "सुभद्राबाई, तुमच्याइतकं भारदस्त कोण आहे?" — इति मोठ्या बाई. भारदस्त म्हणजे विधवा, एक्केचाळीस वर्षांची, घरी वाट बघणारं कोणी नसलेली. सरळ म्हणा की.

रोज चार ते पाच. वह्या तपासायला घेऊन बसणार आहे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

बँडमास्तर किसनराव. पलटणीच्या बँडमध्ये पंचवीस वर्षं काढलेला म्हातारा. मिशा आधी येतात, मागून तो. हातात पेरूची काडी. त्या काडीने बाकावर ठोके देतो. "एकीनं चूक केली तं साऱ्यायची चूक, पोरीहो. बाजूचीचं ऐका, मंग फुका." चार दिवसांत एवढंच शिकवलं.

आज बिगुल कोण फुंकेल म्हणून एकेकीला देऊन पाहिला. वकिलांच्या मुलीकडून फुस्स. रुख्मिणीनं फुंकला तर माळीबुवा कोणाला काय झालं म्हणून धावत आला. मग शेवटच्या बाकावरची शकुन उठली. भातकुलीच्या रस्त्याला पुंजारामचा पेरूचा मळा आहे, त्याची मुलगी. आई पार्बताबाई बाजारात भाजी घेऊन बसते. दोन वर्षांत वर्गात या मुलीच्या तोंडून शब्द फुटलेला मला आठवत नाही. प्रश्न विचारला की पायांकडे बघते.

तिने बिगुल तोंडाला लावला आणि एकच सूर काढला. लांब, सरळ. पटांगणावरची कबुतरं उडाली.

"दम कुठून आणला वं?" किसनरावांनी विचारलं.

"मळ्यात पोपट हाकलतो मी," ती म्हणाली.

म्हणजे आमच्या शाळेतली सगळ्यात मोठी कलावंत पोपट हाकलून तयार झाली आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं दुखतं. वह्या तशाच.

२३ नोव्हेंबर, बुधवार

मोठ्या बाईंना आज विचारलंच. या धांगडधिंग्याचा परीक्षेला काय उपयोग? त्या हसल्या. म्हणाल्या, "आपण मुलींना गप्प बसायला शिकवतो, सुभद्राबाई. एकीनं थांबायचं, दुसरीनं वाजवायचं, मग सगळ्यांनी मिळून — हे कधी शिकवलं?" वाक्यं छान करतात. नागपूरला वाक्यं स्वस्त असावीत.

हेही लिहून ठेवते, कारण वही माझी आहे आणि दुसरं कोणी वाचत नाही: सूर जमायला लागलेत. बासऱ्या आता एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. शकुन बिगुलावर सूर देते आणि बाकीच्या बारा जणी तिच्याकडे बघून श्वास घेतात. वकिलांची मुलगीसुद्धा. जी तिच्या शेजारी डबा उघडत नसे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आज वर्गात फळ्यावर शेताच्या क्षेत्रफळाचं गणित घातलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला — "बाई, ते चुकलं."

शकुन. उभी राहिली होती. पायांकडे बघत नव्हती.

"सत्तावीस चोक एकशे आठ होते. तुमी एकशे अठरा लिवलं."

चाळीस मुली. कोणीतरी हसलं. मी फळा पुसला आणि तिला तास संपेपर्यंत उभी ठेवली, न विचारता बोलली म्हणून. ती उभी राहिली. तोंड पाडून नाही — नुसती उभी.

बरोबर तीच होती. हे त्या बिगुलाचं फळ. आज गणित सुधारलं, उद्या आम्हाला शिकवायला बसेल.

३० नोव्हेंबर, बुधवार

काल रात्रीपासून मनात होतं, आज केलं. पुंजारामच्या नावाने चिठ्ठी टाकली. सही केली नाही. आपली मुलगी शाळेत गाल फुगवून बिगुल फुंकते, वाजंत्री आणि तिच्यात फरक उरला नाही, अकोल्याला हजार लोकांसमोर उभी करणार आहेत, अशा मुलीला उद्या कोण करून घेईल, वेळीच सावध व्हा. खाली — एक हितचिंतक.

खोटं काय त्यात? लोक म्हणतीलच ना असं. मी आधी म्हटलं, एवढंच. मला नाही का, नोकरी धरली तेव्हा, पावलापावलाला तोलून चालावं लागलं? मला कोणी बिगुल दिला नव्हता.

५ डिसेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत पार्बताबाई आली. बाजारातूनच, डोक्यावर रिकामी टोपली. पदराच्या गाठीतून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"टपालवाल्यानं बाजारातच देल्ला, बाई. आमाले दोघायलेही वाचता येत नाही. म्हटलं शाळेचं काही असन, पयले बाईले दाखवा. वाचून सांगता?"

माझाच कागद. माझ्याच हातात.

मी काहीही वाचू शकले असते. मुलगी हुशार आहे, पुढे शिकवा — असं वाचलं असतं तरी तिला खरं वाटलं असतं. पण मी जसं होतं तसं वाचलं. अक्षरन् अक्षर. आवाजही बदलला नाही.

पार्बताबाई पायरीवर बसली. टोपली बाजूला ठेवली.

"कोनं लिवलं हे?"

"सही नाही."

"तुमाले कसं वाटते, बाई? खरं हाय काय हे? पोट्टी घरी येऊन सांगते तं आमाले कवतिकच वाटे. तिचा बाप मोट थांबवून ऐकते."

तेव्हाही वेळ होती. मी म्हणाले, "लोक बोलतात, पार्बताबाई."

ती कागद घेऊन गेली.

९ डिसेंबर, शुक्रवार

शकुन मंगळवारपासून शाळेत नाही. नुसत्या सरावाला नाही असं नाही — शाळेतच नाही. माझं म्हणणं बँडपुरतं होतं.

बिगुल रुख्मिणीकडे गेला. बकरी बरी. बासऱ्या कधीही सुरू होतात, ढोल त्यांच्या मागे धावतो. किसनराव आज काडी न आपटताच बसून राहिले. मला म्हणाले, "बाई, साऱ्या तिचा दम पाहून दम घेत. आता कोनी कोनाचं ऐकत नाही." मी वह्या तपासत होते. एकच वही तासभर.

१६ डिसेंबर, शुक्रवार

रुख्मिणीनं बातमी आणली. शकुनला बघायला तेल्हाऱ्याचे पाहुणे येऊन गेले. चौदा वर्षं पूर्ण झालीच आहेत, कायद्याचीही आडकाठी नाही, मुलगी शाळा सोडून घरी बसली आहे — आईबापांनी दुसरं काय करायचं?

मोठ्या बाई स्वतः मळ्यात जाऊन आल्या. हात हलवत परतल्या. त्यांची वाक्यं तिथे चालली नाहीत, असं लिहिणार होते. लिहून झालं. बरं वाटलं नाही.

१८ डिसेंबर, रविवार

मळ्यात गेले होते. चालत. दोन कोस.

पुंजाराम बैलांजवळ होता. मला पाहून त्याने डोक्याचं पागोटं सरळ केलं. पार्बताबाईनं घोंगडी टाकली, पेरू कापून पुढे ठेवले. मी म्हणाले, चिठ्ठीचं मनावर घेऊ नका, मुलीला शाळेत पाठवा, तिला अडवू नका. हे एवढं बोलायला मला दोन कोस चालावं लागलं.

"म्या कुठी अडवलं?" पार्बताबाई म्हणाली. "म्या तं म्हटलं, लिवनारा गेला खड्ड्यात, तू जाय शाळेत. पोट्टीच नाही म्हनते. कावून, तं सांगत नाही."

पुंजाराम म्हणाला, "पावन्यायले आठ दिवसानं जबाब देतो म्हटलं. पोट्टीनं शाळेचं नाव काढलं तं आजच नाही म्हनतो. पन काढतच नाही."

शकुन मचाणावर होती. मी खालून हाक मारली.

"शाळेत का येत नाहीस?"

"नाही येत."

"कोणी काही बोललं?"

तिने नाही म्हणून मान हलवली आणि पेरूंकडे बघत राहिली. पोपट तिच्यासमोर पेरू कुरतडत होते. ती त्यांना काही म्हणत नव्हती.

हट्टी मुलगी. आईबाप पाठवायला तयार आणि हिचे नखरे! परत येताना पाय सुजले.

२० डिसेंबर, मंगळवार

सकाळी पार्बताबाई शाळेच्या फाटकाशी उभी. म्हणाली, "काल बोलली, बाई. त्या दिवशी कागद चुलीत टाकाले घेतला, तं तिनं हातातून घेऊन पायला. म्हने, हे आपल्या बाईचं अक्षर हाय. बाई म्हनतात तं खरंच असन, लाजेचंच काम असन. तुमचं नाव खराब होईन म्हून पंधरा दिवस बोलली नाही पोट्टी."

मला रागावली नाही. फक्त म्हणाली, "आता तुमीच सांगा तिले."

घंटा झाली होती. वर्ग तसाच सोडून तिच्यासोबत मळ्यात गेले. शकुन मचाणावरून उतरली. मी सांगितलं — लिहिलं मीच, आणि ते खोटं आहे. तू बरोबर होतीस, फळ्यावरही. म्हणूनच लिहिलं.

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "शाळेत साऱ्यायसमोर सांगता? तं येतो मी."

उद्या, प्रार्थनेच्या वेळी.