पहिल्या रांगेतल्या साड्या

गुरुवार, संध्याकाळ

राग कागदावर उतरवल्याशिवाय स्वयंपाकाला हात लागणार नाही, म्हणून लिहिते. ऑकलंडमध्ये मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं आणायचं काम करणाऱ्या ऑफिसातल्या साहेबाचा सकाळी फोन, विहाराचं काम मी बघते म्हणून मला. "किया ओरा. उद्या परदेशी कंपनीचे लोक इथल्या माउंट वेलिंग्टन भागात जागा बघायला येतायत, स्वागताचा कार्यक्रम आहे. तुमच्या विहारातल्या इंजिनिअर बायका साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या, तर स्वीट ॲज, एकदम झकास." इथे शिकलेली माणसं भरपूर आहेत, हे पाहुण्यांना दिसायला हवं म्हणे.

आहेतच भरपूर. आमची सुषमा त्यातलीच. पुण्यात मोठ्या इमारतींचे आराखडे करायची, इथे पापाकुराच्या एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गल्ल्यावर उभी असते. गेल्या वर्षी याच ऑफिसात तिने जागांच्या पाहणीचं काम मागितलं, तर उत्तर आलं, स्थानिक अनुभव नाही. आणि पहिल्या रांगेत बसायला अनुभव लागत नाही?

सुषमाला सांगितलं तर हसली. "बसते की ताई. पण मग दुपारी दुधाचे क्रेट उचलताना निऱ्या कोण सांभाळणार?" मग हळूच म्हणाली, "माझा अर्ज पुन्हा घेतील का, विचाराल?"

तेच विचारायला गेले. गोड कशाला बोलायचं? म्हटलं, पाहुण्यांना दाखवायला चालते, ती कामाला का चालत नाही? "बघतो," म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता.

मग सुषमाकडून कागद आणून चार वाजता त्याच्या हातात दिले: सुषमाचा नवा अर्ज एक, त्याच्याच ऑफिसचं नकारपत्र एक. दोन्हींची पोच त्याच्या सहीने घेतली.