सी मेजर सेव्हनवरचा मध्यम

नेरूळ, १२ ऑगस्ट १९९६, संध्याकाळ

सी मेजर सेव्हन कॉर्डवर, म्हणजे सा-ग-प-नी एकत्र धरून, नववा आणि तेरावा सूर, म्हणजे वरचे रे आणि ध, छान बसतात. अकरावा, म्हणजे आपला शुद्ध मध्यम, तेवढा खटकतो. पुस्तकात जॅझवाले सगळं सांगतात, हे का नाही सांगत? की माझी स्केलच चुकतेय?

नोकरी सोडून कीबोर्ड धरला तेव्हापासून बाबांचा अबोला आहे. स्वतः भजनात पेटी वाजवतात, तरीही. आज तो मध्यम परत खटकला आणि बाल्कनीतून बाबांचा आवाज आला, "तीव्र घे तिथं."

घेतला. बसला. वरचे सगळे सूर यमन रागाचेच निघाले. चला, स्केल सापडली.

बाबा पुन्हा पेपरात.

चहा झाल्यावर मी परत तीच कॉर्ड धरली आणि बाल्कनीकडे कान ठेवून मुद्दाम शुद्ध मध्यम दाबून ठेवला.