गाडीतला माझा अर्धा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, वजनकाटे दुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पूर्ण नाव आणि पत्ता सोबतच्या अर्जावर आहेत. घरात मला आजही छोटी म्हणतात. माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र नाहीत. गेली दोन वर्षे ते थरथरतात आणि डॉक्टर म्हणतात की हे वाढत जाणार. तेव्हा अक्षर वाकडे दिसले तर मनात गोंधळ होता असा अर्थ कोणी काढू नये. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छाती झाली असती असे ओळखीतल्या कुणालाही वाटणार नाही.

हे सगळे खरे तर कलम सातसाठी लिहायला घेतले. बाकीची कलमे लागतात असे वकीलबाई म्हणाल्या. कलम सातमध्ये वहिनींना, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीला, एक वस्तू द्यायची आहे आणि एक गोष्ट सांगायची आहे. चौदा वर्षे एका छपराखाली राहून ती गोष्ट तोंडाने सांगणे मला जमले नाही. ती ऐकल्यावर वहिनी माझ्या हातची वस्तू घेतील की नाही, याची मला खात्री नाही. त्यांनी घ्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम एक. राहत्या घराचा खालचा मजला वहिनींचा आणि वरचा माझा. माझा मजला माझ्या पश्चात माझ्या भाचीला, दादा-वहिनींच्या एकुलत्या मुलीला मिळावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती लांब राहते. फोनवर "आत्या, औषध घेतलंस का?" असे विचारते आणि मी उत्तर देईपर्यंत "बरं, आईला दे" म्हणते. तरी पोर गुणाची आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही भाचीला. तिने त्यातून निदान एक तरी निव्वळ बिनउपयोगाची गोष्ट घ्यावी. दादाने आणि मी तेच केले होते आणि मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

कलम तीन. ती बिनउपयोगाची गोष्ट म्हणजे आमची गाडी. दोघांपुरती, बिनछपराची, गडद हिरवी, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दादा दातांचा डॉक्टर, मी काटेवाली. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या शेडमधून आम्ही ती निम्मे-निम्मे पैसे घालून ओढत आणली, तेव्हा इंजिन गंजलेले होते आणि आसनांत उंदरांचा संसार होता. पुढची सव्वीस वर्षे दर शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघे मागच्या गॅरेजमध्ये तिच्याखाली पडलेले असायचो. ती धडपणे धावायची वर्षातून चार-पाच वेळा. कागदांवर आम्हा दोघांची नावे होती. दादा एका बुधवारी दवाखान्यातच गेला, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, खुर्चीत बसल्या बसल्या. मृत्युपत्र केलेले नव्हते. भाचीने आपला हक्क सोडला आणि त्याचा अर्धा हिस्सा रीतसर वहिनींकडे आला.

कलम चार. माझी सर्व हत्यारे वहिनींना. इंजिनाच्या मागची बाजू पाहायला दादा दवाखान्यातला दात तपासायचा छोटा आरसा वापरायचा, तो मात्र भाचीला द्यावा. तो दोनदा उकळून घ्यावा. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने अकरा वर्षांपूर्वी माझे बेअरिंग ओढायचे पुलर "दुपारपर्यंत" म्हणून नेले. ते त्याला बक्षीस दिले असे समजावे. पण मला आठवत होते, हे त्याला कोणीतरी जाऊन सांगावे.

कलम पाच. जुन्या गाड्यांचा तो दलाल दर हिवाळ्यात येतो, त्याला गाडी देऊ नये. कितीही गोड बोलला तरी देऊ नये. पहिल्या भेटीत त्याने चाकाला लाथ मारून पाहिली होती.

कलम सहा. गाडी गार असताना सुरू करायची तर चोक पूर्ण ओढावा, तीन मोजावे, मग किल्ली फिरवावी. पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही तर शिव्या देऊ नयेत, दोन मिनिटे थांबावे. दादा शिव्या द्यायचा आणि मग ती हटकून रुसायची. दोन कार्बुरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे रबरी नळी कानाला लावून ऐकावे. यंत्रे मिळतात, पण कान बरा.

कलम सात. सदर गाडीतला माझा अर्धा हिस्सा, सर्व सुट्या भागांसह, मी वहिनींना देत आहे. कारण लिहिणे कायद्याने जरुरीचे नाही असे वकीलबाई सांगतात. मला जरुरीचे आहे.

दादा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "गाडी विकून टाकू या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "दादाची आठवण विकायला निघालात?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "आठवण तुझी आहे, छोटी. सव्वीस वर्षं तुम्ही दोघं मागे हसत होता आणि मी चहा आणून देत होते. माझ्याकडे नुसते कप आहेत."

तिथे मी गप्प बसायला हवे होते. पण जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "तुम्हाला पान्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून असं बोलता."

त्या रविवारी सकाळी वहिनींनी खुंटीवरची गॅरेजची किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "आजपासून शनिवार तुझा, रविवार माझा." शाळेत पोरींना शिवण शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाई दादाचा डगला घालून मागच्या दाराने निघून गेल्या.

त्यांना मागचे उजवे चाक काढायचे होते. या गाडीचे प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटावर बसते आणि तो नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून सोडवावा लागतो. दोन बाजूंचे आटे उलटे असतात. डाव्या बाजूला ज्या दिशेने ठोकल्यावर नट सुटतो, त्याच दिशेने उजव्या बाजूला ठोकला तर तो आणखी आवळतो. वहिनींना हे सांगायला कोणी नव्हते, म्हणजे मीच होते. मी वर मागच्या खिडकीत बसले होते. त्या चुकीच्या दिशेने ठोकताहेत हे मला आवाजावरूनच कळत होते, कारण आवळत जाणाऱ्या नटाचा आवाज चढत जातो. पाऊण तास त्या ठोकत होत्या. खाली जाऊन "उलट्या बाजूनं मारा" एवढेच सांगायचे होते. मी पडद्याआड उभी राहिले. खरे लिहिते, मला बरे वाटत होते.

सोमवारी त्यांच्या अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले पाहिले आणि "काय झालं?" एवढेही विचारले नाही. ते नख गळून नवे यायला पाच महिने लागले. रोज समोर दिसत होते. मला याची लाज वाटते, आणि चौदा वर्षांत ती कमी झालेली नाही.

त्यानंतर घरात बोलणे बंद पडले असे नाही. गळक्या नळाचे, विजेच्या बिलाचे, भाचीच्या फोनचे आम्ही व्यवस्थित बोलत होतो. गाडीबद्दल मात्र चकार शब्द नाही. रविवारी वहिनी जे काही करून ठेवत ते शनिवारी मी गुपचूप नीट करी, आणि मनातल्या मनात त्यांना नावे ठेवी. हे सुख वर्षभरच टिकले. त्यांनी कुठून तरी जुने माहितीपुस्तक पैदा केले, ते शिवणाच्या पुस्तकासारखे खुणा करकरून वाचले, आणि पुढे त्यांच्या कामात खोड काढायला मला जागा उरली नाही. आसने तर त्यांनी उसवून अशी शिवली की दादाने पाहिली असती तर त्यावर बसायचा धीर त्याला झाला नसता.

नट आवळून झाला की आम्ही नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत खडूची एक रेघ ओढतो. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही रीत दादाची. माझी रेघ पांढरी असते. वहिनी निळी ओढतात, कापडावर खुणा करायच्या खडूने.

गेल्या वर्षी एका शनिवारी मी दिवा घेऊन गाडीखाली गेले. ब्रेकच्या नळीचा नट मी आदल्या शनिवारी आवळला होता. त्यावरची माझी पांढरी रेघ तुटली होती आणि तिच्या शेजारी एक निळी रेघ होती, सरळ, स्वच्छ. नट माझ्या हातून सैल राहिला होता आणि वहिनींनी तो आवळला होता. मग मी सगळी गाडी तपासली. माझ्या अकरा नटांवर निळी रेघ सापडली. काहींवर धूळ बसली होती, म्हणजे हे बऱ्याच दिवसांपासून चालले होते. माझे हात मला दगा देताहेत हे माझ्याआधी वहिनींच्या लक्षात आले होते. त्यांनी ना कोणाला सांगितले, ना मला टोमणा मारला, ना माझा शनिवार काढून घेतला. मी दिवा बाजूला ठेवला आणि तिथेच पडल्या पडल्या पोटभर रडले. गाडीखाली रडायची सोय चांगली असते.

ज्या बाईने माझ्या चुका अशा सांभाळून घेतल्या, तिच्या चुकीच्या वेळी मी पडद्याआड उभी होते. म्हणून माझा हिस्सा त्यांना. त्यांनी गाडी ठेवावी, विकावी, वाटल्यास त्या दलालाला द्यावी. कलम पाच त्यांना लागू नाही. वहिनी, मला माफ करा. दादाचे सगळे रविवार मी घेतले आणि तुमच्यासाठी एकसुद्धा ठेवला नाही, त्याबद्दलही माफ करा.

कलम आठ. वरील कलमांतून जे काही सुटेल किंवा रद्द होईल ते सर्व भाचीला मिळावे.

पुरवणी, माझ्याच हातची. सह्यांसाठी आज अकरा वाजता वकीलबाई घरी आल्या. पहिले साक्षीदार, शेजारचे चष्म्याचे दुकानवाले, वेळेवर आले. दुसरे बेकरीवाले यायचे होते. त्यांचा फोन आला की भट्टी बिघडली आहे, आज जमणार नाही. तेवढ्यात वहिनी सगळ्यांचा चहा घेऊन वर आल्या.

"एवढंच ना? मी करते की सही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नाही चालणार," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या नावानं यात काही ठेवलंय. तुम्ही साक्षीदार झालात तर तेवढं रद्द होतं."

"काय ठेवलंय?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्यांनी चार आणि सात ही दोन्ही कलमे मोठ्याने वाचली. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. चष्मेवाले तेवढा वेळ स्वतःचा चष्मा पुसत होते.

वाचून झाल्यावर वहिनी ट्रे हातात धरूनच मागच्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पडदा हलत होता."

"काय?"

"त्या रविवारी. तू खिडकीत होतीस, मला दिसत होतं. आणि नट उलटा आहे हे मला दहा मिनिटांत कळलं होतं. त्याच्यावर बाण कोरलेला आहे, मी काय आंधळी आहे? मी मुद्दाम ठोकत राहिले. म्हटलं, ही आता चिडेल, तरातरा खाली येईल, हातोडा हिसकावून घेईल आणि मला शिकवेल. मग अंगठ्यावर बसला. तेव्हा म्हटलं, नाही येत ही."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि टेबलावरचे पेन उचलले.

"विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "दोन्ही कलमं जातील."

"जाऊ देत. हिच्यामागे अर्धी गाडी घेऊन मी काय करू? मला ही खाली हवी आहे. पाना मी धरीन. कान हिचे चांगले आहेत, हिनं ऐकावं आणि मला सांगावं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या नऊला ये. आणि माझं काही चुकलं तर तोंड उघड."

सबब वहिनींपुरते कलम चार आणि कलम सात हे दोन्ही रद्द झाले आहेत. वकीलबाई म्हणतात, नवे साक्षीदार आणून पुन्हा लिहिता येतील. मला घाई नाही.

स्थळ: राहत्या घराचा वरचा मजला, जेवणाचे टेबल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार.

लिहून देणार: (सही) छोटी

साक्षीदार पहिले: (सही) चष्म्याचे दुकानवाले. "सही माझ्या डोळ्यांदेखत झाली."

साक्षीदार दुसऱ्या: (सही) लिहून देणारीची भावजय. "हिला मी एक्केचाळीस वर्षं ओळखते. ही पूर्ण शुद्धीवर आहे. हिनं माझ्यासमोर सही केली. हात कापत होता म्हणून कागद मी धरला होता."