मोलाची साथ

४ मार्च, सोमवार

परत टोचलंच! आज तिसऱ्या परिच्छेदात. मी लिहिलं होतं — 'या कामात त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.' साधं सरळ वाक्य. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याही शेपटीला चिकटवलं — 'संदर्भ हवा'.

इंटरनेटवरच्या या विश्वकोशावर कोणीही लिहावं, कोणीही टोकावं; टोचणारीचं (की टोचणाऱ्याचं?) तिथलं नाव टाचणी. बाकी हजारो लेख चुकांनी बुजबुजलेत, तिकडे ढुंकूनही बघत नाही. फक्त माझा लेख. कोणीतरी मुद्दाम लावून दिलंय, दुसरं काय?

५ मार्च

संदर्भ दिला. सत्काराची छापील बातमी, तारीख आणि पानासकट — 'पत्नीच्या साथीशिवाय हे शक्य नव्हते.' आता बोल म्हणावं.

लेख माझ्या दिवंगत सासऱ्यांवर आहे, हे मात्र तिथे कोणाला ठाऊक नाही. नात्यातल्यांनी लिहिलेलं चालत नाही. पण खोटं एक अक्षर नाही त्यात. सरकारी मोजणी खात्यातली नोकरी सोडून बाबांनी गावाबाहेरची पाणथळ वाचवली, नाहीतर भराव टाकून कधीच इमारती उठल्या असत्या. आज परगावाहून लोक तिथे पक्षी बघायला येतात. आणि अशा माणसावर धड लेख नव्हता. मग मी लिहिला.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि घरी आल्यावर हे. खरं सांगायचं तर माझं म्हणावं असं एवढंच आहे. तिथे मी कोणाची सून नाही, कोणाची बायको नाही. चूक असेल तर सांगतात, बरोबर असेल तर राहू देतात. घरात असं कुठे असतं?

६ मार्च

टाचणीचं उत्तर — 'सत्कारात सगळेच असं बोलतात. पत्नीला कोणी विचारलं होतं का?' आणि त्याखाली — 'लेखिका नात्यातली आहे का?'

लेखिका! मी बाई आहे हे मी कधीही, कुठेही उघड केलेलं नाही. तिथे लिहिताना क्रियापदंसुद्धा जपून वापरते. मग हिला कसं कळलं? दुकानात दोन गिऱ्हाइकांना उलटसुलट काचा दाखवल्या. लक्षच नव्हतं.

९ मार्च

लेख मुखपृष्ठावर घ्यायची सूचना आली आहे. नवरा नुसता हवेत. "बाबा पहिल्या पानावर!" म्हणून सकाळपासून तीनदा बघून आला. त्याला तिथलं काही करता येत नाही, पण वाचतो सगळं, अगदी लेखामागच्या चर्चेच्या पानापर्यंत, जिथे आमची वादावादी चालते. मी कोणत्या नावाने लिहिते हे फक्त घरात माहीत आहे.

सासूबाईंना सांगितलं. "हो का? छान," म्हणाल्या आणि पत्त्यांचा डाव पुढे खेळत बसल्या. टॅबलेट दिल्यापासून त्यांना पत्त्यांपुढे काही सुचत नाही.

१२ मार्च

डोकं चालेनासं झालंय.

विश्वकोशावर खाती तपासणारा एक आहे. मी आपली त्याला हवालदार म्हणते. त्याने मला लिहिलंय — 'तुम्ही आणि टाचणी एकाच इंटरनेट जोडणीवरून येता. एकाच घरातून. दोन्ही खाती तुमचीच दिसतात. स्वतःशीच भांडायचं आणि जिंकायचं, म्हणजे लेख तावूनसुलाखून निघाला असं वाटतं. आठवड्यात खुलासा करा, नाहीतर तडीपार.'

एवढ्या वर्षांचं काम! भामटी ठरणार मी. पण ते राहू दे. एकाच घरातून म्हणजे? माझ्याच भिंतींच्या आत बसून कोण टोचतंय मला?

१३ मार्च

वर शिकवणीवाला राहतो. आपलं इंटरनेट वापरतो, निम्मं बिल देतो. जिन्यात भेटला की नको तितका वाकून नमस्कार करतो. इतकी नम्रता कशासाठी?

आणि नवरा. गेले काही दिवस मी खोलीत आले की फोन पालथा घालतो. पाहिलंय मी.

सासूबाईंचा प्रश्नच नाही.

१४ मार्च

शिकवणीवाल्याला आडून आडून विचारलं, पक्ष्यांबिक्ष्यांचं वाचता का. म्हणाला, "ताई, मला गणितातलं विचारा. पक्ष्यांत मला कावळा कळतो आणि कावळा नसलेला कळतो." हसून वेळ मारून नेली. त्याची की माझी, देव जाणे.

१५ मार्च

नवऱ्याला सरळच विचारलं. नको होतं विचारायला. ताटावरून उठला. "मी माझ्या बापाच्या लेखाला टाचण्या मारू? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मग फोन माझ्यापुढे आदळला. केस उगवायच्या तेलाची मागणी! म्हणे, मी चिडवेन म्हणून लपवत होता. एरवी चिडवलं असतंच. आज तोंड उघडायची सोय नव्हती.

पण तेल मागवणारा माणूस टाचणी नसतोच असं कुठे आहे?

१६ मार्च

सापळा लावला. तिघांना तीन वेगवेगळ्या थापा, 'लेखात घालणार आहे' म्हणून.

शिकवणीवाल्याला — बाबांची होडी दोनदा बुडाली होती. नवऱ्याला — बाबा आधी शिकार करायचे, मग मन पालटलं. (पुन्हा भांडण. असू दे.) सासूबाईंना आपलं नावापुरतं सांगितलं, "आई, तुम्ही रोज उन्हातून डबा घेऊन पाणथळीवर जायचात, ते लिहिते."

त्या म्हणाल्या, "लिही बाई, तुला पटेल ते."

कुठेही एक अक्षर लिहिलेलं नाही. आता बघू कोण फसतं.

१७ मार्च, रविवार

चर्चेच्या पानावर टाचणी — 'डब्याची गोष्ट लेखात घालू नये. डबा कोणी नेत नव्हतं.'

मी तीनदा वाचलं. मग सासूबाईंच्या खोलीत गेले. नवरा बाजारात गेला होता. मांडीवर टॅबलेट, नाकावर मीच करून दिलेला चष्मा. मी नुसतं म्हटलं, "आई, टाचणी?"

दचकल्या वगैरे नाहीत. डाव मिटवला. "डबा नव्हताच गं," म्हणाल्या. "घरात शिजवायला काही असेल तर डबा."

मी भडकलेच होते. तुमच्यापायी मला तडीपार करतायत, हे काय वय आहे का असले उद्योग करायचं — सगळं बोलून घेतलं. त्यांनी पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "साथ, साथ काय लावलंयस? मला कोणी विचारलंच नव्हतं. एक दिवस येऊन म्हणाले, नोकरी सोडली. आणि उचलून पाणथळीकाठच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकलं. डासांनी अंग फोडून निघायचं. तुझ्या नवऱ्याला दोनदा हिवताप झाला, दुसऱ्या वेळी हातचा जायचा राहिला. मी रोज भांडले. दोनदा बॅग भरली. मी त्यांना साथ दिली नाही गं. आणि सत्कारात व्यासपीठावर बसवून म्हणतात, हिची साथ! टाळ्या वाजल्या. तेव्हा गप्प बसले. तू परत तेच लिहून ठेवलंस. आता कायमचं."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं ना. इथे एका घरात राहून तिकडे कशाला?"

"तुला सांगायला लागले की तू गोळ्या घेतल्या का विचारतेस. तिथे तू मला उत्तर देत होतीस."

हे मला फार लागलं. खरं आहे म्हणूनच लागलं.

खुलाशात त्यांचं नाव घालू का विचारलं, तर हातच धरला माझा. "नको. तो रोज वाचतो. बाप म्हणजे देव आहे त्याचा. त्याच्या डोक्यात आम्ही दोघं जोडीने पाणथळ वाचवत होतो. तसंच राहू दे." काही वेळापूर्वी कायमचं लिहिलं म्हणून रडणारी बाई!

१८ मार्च

सबंध दिवस विचार केला. 'सासू' एवढा एक शब्द लिहिला की मी सुटते. लेख नात्यातला म्हणून बोंब होईल, पण भामटी तरी नाही ठरणार. आणि नवरा चर्चेचं पान उघडेल, आईने काय काय म्हटलंय ते एकेक वाचेल.

सारखं वाटतं, माझं काय जातं? मग वाटतं, माझंच तर जातंय.

१९ मार्च

लिहून दिलं — टाचणी मीच.

त्याआधी ते वाक्य काढलं. कारण दिलं, 'संदर्भ पुरेसा नाही.' माझं शेवटचं संपादन. हवालदाराने दोन्ही खाती कायमची तडीपार केली. लेख मुखपृष्ठावरून बाद.

नवऱ्याने वाचलंच. "स्वतःशी भांडत होतीस? वर माझ्यावर आळ घेतलास? आणि आईचं तेवढं एक वाक्य होतं, तेही काढलंस?" मान खाली घालून ऐकून घेतलं. सासूबाई ताटात बघत राहिल्या. नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातली भांडी काढून घेतली आणि स्वतः घासली. मीही घासू दिली.

२१ मार्च

सवयीने लेख उघडला. त्या वाक्याच्या जागी नवं वाक्य — 'पत्नीचा या कामाला विरोध होता.' नवं खातं, पहिलंच संपादन. कारण दिलंय — 'मी त्या घरात वाढलो. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. तिचं बरोबर होतं.'

आईंना हाताला धरून घेऊन येईपर्यंत कोणीतरी ते काढूनही टाकलं. 'संदर्भ नाही.' आणि मला ते परत लावता येत नाही.