बाबांचा आवाज, दिग्दर्शन माझं

४ फेब्रुवारी, रविवार
तारीख ठरली. एकवीसला बाबांच्या घशाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. बाबा राहतील, आवाज जाईल. तोवर काय बोलायचं ते बोलून घ्या. सकाळी आवाज बरा असतो, दुपारनंतर घोगरा होतो.

बाबांनी जन्मभर बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. गावात त्यांना सगळे भोंगा म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं बाबांचं मत आहे.

संध्याकाळी ताईचा फोन. तिला सातवा महिना, शहर लांब, प्रवासाला बंदी. रडली. म्हणाली, बाळाला आजोबांचा आवाज ऐकायला मिळालाच पाहिजे, काहीतरी करून रेकॉर्ड कर. मी म्हटलं, काहीतरी करून कशाला, रीतसर फिल्म करतो. नवा कॅमेरा गेल्याच महिन्यात आलाय आणि मी विषयाच्या शोधातच होतो. (हे ताईला बोललो नाही.)

बायको म्हणाली, मोबाईल समोर ठेवायचा आणि बटण दाबायचं, त्यात काय एवढं. गाढवाला गुळाची चव काय. ही डायरी कपाटात वरच्या खणात ठेवणे.

संकल्प: जाता जाता नवशिक्यांसाठी टिपाही लिहून काढायच्या. पहिली टीप: शूटिंगआधी विषयाशी मनाचं नातं जोडावं. बाबांच्या बाबतीत हे काम आधीच झालेलं आहे. वेळ वाचला.

५ फेब्रुवारी
ताई म्हणाली, मीही रोज फोनवर बोलते तेव्हा रेकॉर्ड करून ठेवते. ठाम नाही म्हटलं. फोनवरचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात चमचा. बाळाच्या कानावर पहिल्यांदा पडेल ते दर्जेदारच पडायला हवं. एकच प्रत, पण अस्सल. आढेवेढे घेत कबूल झाली. तिच्यात हा समजूतदारपणा आहे, मी नेहमी सांगतो.

११ फेब्रुवारी, रविवार
शूटिंगचा पहिला दिवस. बाबा सकाळी नऊलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर. काय काय बोलायचं ते त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं. आवाज एकदम खणखणीत.

पण पडदा पिवळा. पिवळ्या पडद्यापुढे माणूस आजारी दिसतो. बाबा आजारीच आहेत, बाजारातून आलेली बायको म्हणाली. मुद्दा तो नाही. बेडरूमचा पडदा काढून हॉलमध्ये लावला. सोफा सरकवला. पंखा बंद. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणून फ्रिज बंद. (टीप: फ्रिज अवश्य बंद करावा. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं.)

लाइट जमेपर्यंत जेवायची वेळ झाली. जेवणानंतर बाबा सुरू झाले, पण घोगरे. शिवाय घामाने कपाळ चमकायला लागलं. पावडर लावू म्हटलं तर नको म्हणाले. कलाकार सहकार्य करत नसेल तर दिग्दर्शक तरी काय करणार.

१२ फेब्रुवारी
कालचं सगळं बघितलं. प्रत्येक शॉटमध्ये बाबांच्या डोक्यातून ट्यूबलाइट उगवलेली. सगळं डिलीट केलं. टीप: डिलीट करताना दयामाया दाखवू नये. कार्ड रिकामं झाल्यावर मनालाही हलकं वाटतं.

फ्रिज पुन्हा चालू करायचा राहिला होता. दूध नासलं. बायकोने ते विनाकारण लावून धरलं.

१४ फेब्रुवारी
ऑफिसात रजा मागितली. कारण सांगितल्यावर साहेबांचे डोळे भरून आले. लगेच मंजूर. रजेचा दिवस दुकानात गेला. नवा माइक घेतला. त्यावर वारा अडवायला केसाळ टोपी असते. बाबांनी ती टेबलावर बघितली आणि हळूच चप्पल हातात घेतली. वेळेवर पोचलो.

हेडफोनही घेतला. त्याची पिन कॅमेऱ्याच्या भोकात बसत नाही. जोडणी मागवलीय, येईल. तोवर गळ्यात घालून फिरतोय. आरशात बघितलं. फरक पडतो.

आजही बाबा सकाळी दाढी करून बसले होते म्हणे.

१५ फेब्रुवारी, सकाळी साडेसात
शोध लागला. साध्या वेगात बाबा फार घरगुती दिसतात. कॅमेऱ्यात स्लो मोशनचा मोड आहे, तो लावून बाबांना चहा पिताना घेतलं. काय सांगू. वाफ अशी उठते, पापणी अशी मिटते, जणू इतिहास घडवून आत्ताच घरी आलेला माणूस. सगळी फिल्म याच मोडमध्ये घेणार. जिथे नको तिथे कॉम्प्युटरवर वेग वाढवता येतो.

आणखी एक फायदा. एरवी स्क्रीनच्या खाली आवाजाच्या हिरव्या पट्ट्या सारख्या नाचत असतात, लक्ष विचलित करतात. या मोडमध्ये त्या आपोआप नाहीशा होतात. स्क्रीन स्वच्छ. बनवणाऱ्याने विचार केलाय.

बायकोने विचारलं, मग आवाजाचं काय होतं. म्हटलं, ते सगळं कॉम्प्युटर बघतो. तांत्रिक बाबतीत घरच्यांच्या शंकांना उत्तरं देत बसलो तर फिल्म कधी व्हायची.

१८ फेब्रुवारी, रविवार
झालं. मनासारखं झालं.

पडदा निळा, खिडकीतून ऊन तिरकं, ट्यूब बंद. बेल वाजू नये म्हणून बायकोला जिन्यात उभं केलं. तीही मुकाट्याने गेली. घरात फक्त मी, बाबा आणि कॅमेरा.

बाबांनी सकाळच्या सगळ्या गाड्या ओळीने पुकारल्या. एक गाव चुकलं नाही. मधे मधे त्यांचं ते ठरलेलं, प्रवाशांनी ढकलाढकल करू नये, गाडी तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही. मग चुकलेल्या पोराची गोष्ट. स्टँडवर एक पोरगं हरवलं, त्याला आईबापाचं नाव सांगता येईना, फक्त घरच्या शेळीचं येत होतं, चांदी. तर बाबांनी माइकवर पुकारलं, चांदी शेळीच्या मालकांनी त्वरित कंट्रोल रूममध्ये यावं, तुमचा मुलगा इथे बिस्किट खातोय. आईबाप धावत आले. ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलीय, पण आज बाबांनी ती अशी सांगितली की मीच हसलो. (कॅमेरा हलला. टीप: हसताना श्वास रोखावा.)

शेवटी बाबा कॅमेऱ्याकडे बघून थेट बाळाशी बोलले. बराच वेळ. डोळे भरले होते, त्यात खिडकी दिसत होती. मी फोकस नेमका त्या खिडकीवर धरायच्या नादात होतो, त्यामुळे शब्द नीट कानावर पडले नाहीत. हरकत नाही, रेकॉर्डिंग आहेच.

संपेपर्यंत त्यांचा आवाज पार बसला. पाणी प्यायले. कुजबुजत म्हणाले, होतं नव्हतं ते सगळं दिलं रे, आता पुन्हा नाही जमायचं. म्हटलं, पुन्हाची गरजच नाही.

२० फेब्रुवारी
उद्या पहाटे हॉस्पिटल. बायको म्हणाली, एकदा चालवून बघ तरी. तिला प्रोसेस समजत नाही. आधी टायटल्स. टायटल्सवरून फिल्मचा मूड ठरतो, मग त्या मूडने बाकीचं बघायचं. माझं नाव डावीकडून येतं, गिरकी घेतं आणि स्थिरावतं. गिरकी अजून जमत नाहीये. नमनाला घडाभर तेल, बायको जाता जाता म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी विचारलं, चांगलं आलंय ना. म्हटलं, एक नंबर. म्हणाले, मग झालं तर. त्यानंतर फारसं बोललेच नाहीत. ताईचा फोन आला तेव्हाही म्हणाले, मला काय सांगायचं ते मी याच्याकडे दिलंय.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन छान पार पडलं. डॉक्टर खूश. बाबांनी हात उचलून दाखवला. बाहेर बाकावर बसून अक्षरांचं वळण ठरवलं. तीन पर्याय होते, गोल वळण घेतलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
टायटल्स पूर्ण. आज क्लिप्स उघडल्या.

आवाज येत नाही. कॉम्प्युटरचा आवाज वाढवला. स्पीकरची वायर बघितली. दुसरा स्पीकर लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हेडफोनची जोडणी आली होती, ती लावून ऐकलं. हेडफोन उत्तम आहे. शांतता अतिशय स्वच्छ ऐकू येते.

दुपारी चार
माहितीपुस्तिका सापडली. स्लो मोशनमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही असं त्यात छापलंय. अक्षर इतकं बारीक की डोळस माणसालाही दिसू नये. या लोकांना पत्र लिहिणार आहे.

२६ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे कार्ड नेलं. आतून आवाज काढता येईल का विचारलं. तो म्हणाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. त्याने तेच उत्तर त्याच शब्दांत दिलं.

३ मार्च, रविवार
मार्ग निघाला. पियानो टाकला. खरं तर आवाजापेक्षा पियानोनेच चेहरा जास्त बोलतो. ताईला पाठवली.

तासाभराने तिचा फोन. म्हणाली, सुंदर दिसतायत, पण बोलतायत ते ऐकू कुठे येतंय. मी म्हटलं, मौनालाही स्वतःची भाषा असते. तिने पुन्हा विचारलं, आवाज कुठेय. मग खरं सांगितलं. तिने फोन ठेवला.

बायकोने कालपासून अबोला धरलाय. घरी येतील तेव्हा बाबा धरून घरात न बोलणारी दोन माणसं होतील. त्यातल्या एकाचंच ऑपरेशन झालंय.

९ मार्च, शनिवार
बाबा घरी आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी आणि खडू. त्यांना सांगायलाच हवं होतं. सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं, आणि पाटी मांडीवर उलटी ठेवली.

माझ्या डोक्यात योजना तयार होती. बाबांनी फिल्म बघायची, स्वतःच्या ओठांवरून शब्द ओळखून लिहायचे, मी माझ्या आवाजात ते भरायचे. बाबा बसले. स्क्रीनवर त्यांचं तोंड सावकाश उघडत होतं, सावकाश मिटत होतं. गाड्या भराभर लिहिल्या. शेळी लिहिली. मग बाळाशी बोलतात तो भाग आला. मी विचारलं, इथे काय म्हणालात. त्यांनी खडू टेकवला. उचलला. पाटी पुसली. मग लिहिलं, आठवत नाही.

आठवत असणार. ज्या माणसाला सकाळच्या सगळ्या गाड्या आठवतात त्याला हेही आठवतं. मला फार वाईट वाटलं. आज टीप नाही.

१७ मार्च, रविवार
गाड्यांपुरता माझा आवाज भरला. वडिलांचा आवाज मुलात उतरतोच, त्यामुळे आत्मविश्वास होता. बाबांना ऐकवलं. पहिल्या तीन गाड्या त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. मग हात वर केला आणि पाटीवर लिहिलं, प्रवाशांनी नोंद घ्यावी, ही गाडी रद्द करण्यात आली आहे. बायको हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी वाद घातला नाही.

१६ एप्रिल
ताईला मुलगी झाली. दोघी ठीक. बाबा दिवसभर पाटी घेऊन जिन्यात. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

२१ एप्रिल, रविवार
बायकोला तिच्या मोबाईलमध्ये एक तुकडा सापडला. शूटिंगच्या पहिल्या रविवारी सकाळी पडद्याचा रंग बरा दिसतो का ते विचारायला मी माझ्या मोबाईलवर घेऊन तिला पाठवला होता. ती तेव्हा बाजारात होती. साध्या वेगातला. जेमतेम काही सेकंदांचा.

पिवळा पडदा. इस्त्रीचा शर्ट. बाबा सकाळच्या त्या खणखणीत आवाजात विचारतात, आता बोलू का? त्यावर माझा आवाज येतो, थांबा हो बाबा, जरा थांबा. संपलं.

आम्ही तिघांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. बाबांनी दर वेळी बोटाने खूण केली, अजून एकदा. मी मधेच उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. ताईला पाठवला.

१२ मे, रविवार
ताई आता माझ्याशी बोलते. म्हणाली, रोज दूध पाजून झालं की तो तुकडा लावते. आजोबांचा आवाज आला की पोरगी हातपाय हलवायची थांबते, डोळे मोठे करते. मग माझा आवाज येतो. तिथे ती रडते. रोज तिथेच.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी ते बघितलं. पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं, तुझा भाग कापता येईल का.

कापला. एक कट, दोन मिनिटांचं काम. टायटल नाही, नाव नाही. ताईला पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आता अजिबात रडत नाही. आजोबांनी विचारलं की मोबाईलकडे बघत राहते, पुढे काय बोलतात याची वाट बघत.