तळ्याकाठी दोन दिवस

दादा,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. तळ्याकाठच्या त्या स्वस्तातल्या खोल्यांवर मी सकाळच्या बसने पुढे होतेय. तासाभराचाच रस्ता आहे. आजची पाळी संपली की तूही ये. डबा फ्रीजमध्ये आहे.

काल जेवताना आईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तूही मान वळवलीस, मी पाहिलं. तिला जाऊन चार महिने झालेत. आपण दोघं खाली मान घालून जेवत राहिलो. दोन दिवस तरी या घरातून बाहेर पडू या.

खोलीसाठी फोन केला, तर तिथल्या काकांनी विचारलं, "नेहमीसारखी तीन माणसं ना?"

माझ्याने 'दोनच' म्हणवेना. तिसरी खाट घातलेली दिसेल. ती काढायला सांगू नकोस.

छोटी